तळ ओलाच असतो, मामा!

“सूनबाई, तळ कच्चा ऱ्हायलाय.”

शूफ्लाय पाय, म्हणजे पारीत मोलॅसिसचा (उसाच्या काळ्या पाकाचा) थर भरून भाजलेला अमेरिकी गोड पदार्थ, ओव्हनबाहेर येऊन दहा मिनिटंही झाली नव्हती, तोवर नवऱ्याच्या मामांनी सुरी चालवली होती. शूफ्लाय पाय किमान तीन-चार तास गार व्हावा लागतो. गरम कापला की आतला पाक बशीभर पळतो. त्यातून हा ‘वेट बॉटम’: खाली चिकट ओला थर, मध्ये मऊ केक, वर भुगा. इथे पेन्सिल्व्हेनियात, लँकेस्टरकडे, लोक त्या ओल्या थरासाठी पैसे मोजतात आणि सकाळी कॉफीबरोबर खातात. कोरडा हवा असेल तर बराचसा भुगा पाकातच कालवतात. तो प्रकार वेगळा. मामांना सांगून उपयोग नव्हता. त्यांनी तुकडा मायक्रोवेव्हमध्ये घातला.

मामा सांगलीकडच्या साखर कारखान्यातले निवृत्त केमिस्ट. सकाळी मोलॅसिसची बाटली दिसली आणि ते पुन्हा ड्यूटीवर रुजू झाले.

“ही तर मळी!” बाटली खिडकीच्या उजेडात धरून म्हणाले. “आमच्याकडं ही टँकरनं डिस्टिलरीत जाती. ब्रिक्स किती?”

“लिहिलेलं नाही.” (ब्रिक्स म्हणजे पाकातल्या साखरेचं माप.)

“लॅबनं सोडलीच कशी? गंधकाची धुरी?”

“अनसल्फर्ड आहे, गंधक नाही.”

“बरं. ए, बी का सी?”

हा प्रश्न, कबूल करायला जिवावर येतं, पण बरोबर होता. रस उकळून साखर काढली की उरते ती मळी: पहिल्या उकळीची ए, दुसरीची बी. तिसऱ्या उकळीनंतर उरते ती सी, म्हणजे ब्लॅकस्ट्रॅप, कडवट आणि खारट. ती घातली तर पाय औषधासारखा लागतो. पायाला पहिल्या किंवा दुसऱ्या उकळीची हवी. मामांनी बोट बुडवलं, डोळे मिटले, जीभ टाळ्याला लावली आणि निकाल दिला, “बी. फार तर बी.” बाटलीवर ‘डार्क’ लिहिलं होतं, म्हणजे दुसरी उकळीच. माणूस बरोबर निघाला की जास्त राग येतो. आणि हेच बोट पुन्हा बाटलीत!

भुग्याला 150 ग्रॅम मैदा, 100 ग्रॅम ब्राउन शुगर, चिमूटभर मीठ आणि 60 ग्रॅम गार बटर. फक्त बोटांच्या टोकांनी चोळायचं, जाड रव्याइतकं रवाळ होईपर्यंत. तळहात लावला की बटर वितळतं आणि भुग्याचा गोळा होतो. मामांनी “मळून घे की नीट” असं सुचवलं. जन्मभर मळी तपासली, पण घरी स्वतःचा चहा कधी गाळला नाही. तरी स्वयंपाकघरात सूचना अशा, जणू मी त्यांच्या हाताखालची शिकाऊ.

पाकासाठी पाऊण कप उकळत्या पाण्यात पाऊण चमचा खायचा सोडा, मग एक कप मोलॅसिस. कपाला आधी तेलाचं बोट लावावं, म्हणजे अर्धा माल कपातच राहत नाही. भांडं मोठं घ्या, मोलॅसिसच्या आंबटपणामुळे सोडा फसफसून वर येतो. मामा ओरडले, “चुना कमी पडला!” (कारखान्यात रसाचा आंबटपणा चुन्यानं मारतात.) मिश्रण कोमट झाल्यावरच फेटलेलं अंडं घालायचं, नाहीतर पाकात भुर्जी. मग लगेच 9 इंची साच्यात लावलेल्या कच्च्या पारीत ओतून वर भुगा पसरायचा. रेंगाळलं तर सोड्याचा जोर ओट्यावरच संपतो.

ओव्हनचा खालचा कप्पा, म्हणजे पारी नीट भाजते. खाली ट्रे हवाच, पाक उतू जातो. 200 अंश सेल्सिअसला 15 मिनिटं, मग 175 ला साधारण 30. कडा फुगलेल्या आणि मधोमध जरासा थरथरला की काढायचा. वाट बघत बसलात तर ओला थर सुकतो, मग मामा खूश.

रात्री मामींना फोन: “सून दारूच्या मळीचा केक करती, आतनं कच्चा.” हे बोलताना तिसरा तुकडा चालू होता. आता हुकूम आहे की पुढचा पाय त्यांनी बॅगेत पाच पिशव्यांत गुंडाळून आणलेल्या काकवीचा. करीन. काकवीत सगळी साखर तशीच असते, म्हणून भुग्यातली साखर निम्मी करावी लागेल. सुरी मात्र त्या दिवशी माझ्या कपाटात, कुलपात.