चौथी स्टेज म्हणजे उपाय नाही? आधी बायोप्सीचा रिपोर्ट तरी बघा

आमच्या पै-पाहुण्यांच्या ग्रुपवर परवापासनं एक मेसेज फिरायलाय, तुमच्याकडंबी आला असंल. "छातीचा कॅन्सर चौथ्या स्टेजला गेला की उपाय नाही, सुई लावली की पसरतो, केमो म्हणजे पैसा काढायचा धंदा, पेशंटला घरी न्या, साखर बंद करून गूळ द्या." वाचून लई त्रास झाला, कारण असल्याच एका मेसेजपायी आमच्या आत्तीचे चार महिने एका जडीबुटीवाल्याकडं गेले.

"उपाय नाही" हे आधी घेऊ. चौथी स्टेज, म्हणजे आजार छातीतनं लांबच्या दुसऱ्या अवयवात गेलेला, सहसा पूर्ण बरी होत नाही, हे खरं हाय, लपवायचं कशाला. पण छातीचा, म्हणजे स्तनाचा कॅन्सर हा एकच आजार नव्हं. ईआर, पीआर (कॅन्सरच्या पेशी बायकांच्या हार्मोनवर वाढतात का ते कळतं) आणि हर-टू (पेशीवरचं एक प्रोटीन जास्त हाय का ते कळतं) ह्या तीन टेस्टवरनं प्रकार ठरतो आणि प्रकारावरनं औषध. आत्तीचा हाडात गेलेला, पण ईआर पॉझिटिव्ह. तिला सुरवातीला केमो लागलीच नाही, हार्मोन कमी करणारी लेट्रोझोल गोळी रोज आणि कॅन्सरच्या पेशींची वाढ रोखणारी पाल्बोसिक्लिब २१ दिवस घ्यायची, ७ दिवस सुट्टी. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर दुधाच्या हिशोबाशेजारी ती रोज टिक करते. पंधराव्या दिवशी रक्त तपासलं तर पांढऱ्या पेशी उतरलेल्या, गोळी आठवडाभर थांबवली, घरात सगळे घाबरले, पण ह्या गोळीनं तसं होतंच, पेशी वर आल्या की परत चालू. ह्याच जातीची रायबोसिक्लिब गोळी पाळी गेलेल्या बायकांना लेट्रोझोलसोबत दिली त्या अभ्यासात निम्म्या बायका ६३.९ महिन्यांच्या पुढं जगल्या, नुसत्या लेट्रोझोलवर हाच आकडा ५१.४ होता. पाच वर्षांच्या वर झालं की हे, आणि तुम्ही म्हणताय घरी न्या?

हर-टू पॉझिटिव्हला तर ट्रास्टुझुमॅब डेरक्स्टेकन आलंय, अँटिबॉडीला केमोचं औषध बांधून थेट त्या पेशीपर्यंत न्यायचं. आधी उपचार झालेल्या पेशंटमध्ये ह्यानं आजार साधारण २८.८ महिने आवरून धरला, जुन्या औषधानं ६.८. फुप्फुसाला सूज येऊ शकते, म्हणून खोकला, दम लागला की त्याच दिवशी डॉक्टरला सांगायचं. ट्रिपल निगेटिव्ह, म्हणजे तिन्ही टेस्ट निगेटिव्ह आलेला, मात्र अवघड हाय, तिथं केमो लागते, काहींना इम्युनोथेरपी (शरीराची स्वतःची प्रतिकारशक्ती कॅन्सरवर सोडणारं औषध), बीआरसीए जीन बिघडलेला असंल तर ओलापॅरिब गोळी.

"सुई लावली की पसरतो". अहो आत्तीचा सुई लावायच्या आधीच पाठीच्या मणक्यात होता, म्हणून तर कंबर धरलेली! सुईच्या बायोप्सीनं, म्हणजे सुईनं गाठीचा बारका तुकडा काढून तपासल्यानं, चौथी स्टेज होत नाही, उलट वरच्या तिन्ही टेस्ट त्या तुकड्यावरच होतात. बायोप्सी टाळली म्हणजे कुठलं औषध चालंल हेच कळायचं बंद. हाडात गेला तरी तो छातीचाच कॅन्सर राहतो, हाडाचा होत नाही, हे तर आम्हालाबी ठाऊक नव्हतं.

पैशाचं दुखणं खरं हाय, त्यावर मी वाद घालणार नाही. पण पाल्बोसिक्लिबचं भारतातलं पेटंट जानेवारी २०२३ मध्ये संपलं, तेव्हापासनं देशी कंपन्यांच्या गोळ्या खूप स्वस्तात मिळायल्यात. डेरक्स्टेकन अजून महागच, २०२४ च्या बजेटात त्यावरची कस्टम ड्युटी काढली तरी. महात्मा फुले योजनेत कॅन्सरचे बरेच उपचार बसतात, नव्या गोळ्या सगळ्या बसतीलच असं नाही, म्हणून दवाखान्यात योजनेचं काम बघणाऱ्या आरोग्यमित्राला रेशनकार्ड दाखवून आधी विचारा, मग जमीन विकायचं बोला.

आणि साखर बंद, गूळ चालू? आपण कोल्हापूरची माणसं, गुऱ्हाळावर काहिलीपाशी उभं राहून वाढलो, गूळबी त्याच उसाच्या रसाचा, त्यातबी मुख्य साखरच की. साखर तोडून कॅन्सर उपाशी मरत नाही, शरीर स्वतःच ग्लुकोज तयार करतं, उपाशी मरतो तो पेशंट. त्या चार महिन्यांत आत्तीचा चहाबी बिनसाखरेचा केलेला, जेवण जात नव्हतं, ब्लाऊज खांद्यावरनं उतरायला लागलेले. आता सकाळी गोड चहा आणि दोन बटर खाऊन मग गोळ्या घेते.

काका, तो मेसेज ग्रुपवरनं काढा, आणि ज्यांना ज्यांना पाठवलाय त्यांना फोन करून सांगा.