घशाची जखम उसवते तेव्हा दोष केवळ टाक्यांचा असतो काय?

घशाच्या कर्करोगावरील शस्त्रक्रियेविषयी एक मजकूर सर्वत्र पुढे पाठवला जात आहे. त्याचे म्हणणे असे की, मानेच्या जखमेतून लाळ पाझरू लागली तर टाके कच्चे पडले असे समजावे. आधीच्या रेडिएशनचा वा रुग्णाच्या प्रकृतीचा त्याच्याशी संबंध नसतो. कर्करोग झाल्यावर तंबाखू सोडून उपयोग नाही. आणि अँटिबायोटिक जितके दिवस चालेल तितके बरे.

शिवणीतील दोष हे एक कारण असू शकते, हे मान्य आहे. परंतु स्वरयंत्र पूर्ण काढल्यावर घशाची शिवण सतत लाळेत भिजत असते आणि ती भरून येणे तेथील रक्तपुरवठ्यावर अवलंबून असते. रेडिएशनने सूक्ष्म रक्तवाहिन्या बुजतात, ऊती कडक होतात आणि हा परिणाम वर्षानुवर्षे टिकतो. म्हणूनच रेडिएशननंतर कर्करोग उलटलेल्या रुग्णांत शल्यचिकित्सक अनेकदा छातीचा स्नायू, म्हणजे रेडिएशन न लागलेली ऊती, आणून शिवणीला जोड देतात.

प्रकृतीचा मुद्दा तर सर्वांत अन्यायाने डावलला गेला आहे. गिळता न आल्याने रुग्ण शस्त्रक्रियेपूर्वीच खंगलेला असतो. घटलेले वजन, 3.5 ग्रॅम प्रति डेसिलिटरखालचे अल्ब्युमिन (रक्तातील एक प्रथिन), कमी हिमोग्लोबिन आणि अनियंत्रित मधुमेह ही धोक्याची चिन्हे आहेत. थायरॉइडकडे मात्र नातेवाइकांचे लक्ष क्वचितच जाते. रेडिएशन व शस्त्रक्रिया या दोहोंमुळे त्याचे कार्य मंदावू शकते आणि जखम भरणे रेंगाळते. एका साध्या रक्ततपासणीने हे कळते व गोळीने सावरता येते.

तंबाखूविषयीचा सल्ला घातक आहे. निकोटीन रक्तवाहिन्या आकुंचित करते, धुरातील कार्बन मोनॉक्साइड रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमता घटवतो. किमान 4 आठवडे आधी सोडणे उत्तम; मात्र त्यासाठी कर्करोगाची शस्त्रक्रिया लांबवू नये, हाती असतील तेवढ्या दिवसांत सोडावे.

प्रतिबंधक अँटिबायोटिक सहसा 24 तासच पुरते. ते लांबवल्याने जखमेला अधिक संरक्षण मिळत नाही, उलट औषधांना न जुमानणारे जंतू माजतात. प्रत्यक्ष संसर्ग झाल्यास द्यायचे उपचार वेगळे.

लाळ पाझरू लागली तरी तोंडाने खाणे थांबवून, नळीवाटे आहार व नियमित ड्रेसिंग केल्यास बऱ्याच रुग्णांत ती वाट आपोआप बुजते. जखमेतून रक्त आले, अगदी थोडे आले तरी, मानेतील मोठ्या धमनीला धोका असू शकतो. अशा वेळी तत्काळ रुग्णालय गाठावे.