काही झालं नाही, म्हणून कापलं

नगरपालिकेच्या अंदाजपत्रकावर चर्चा सुरू असते. साथरोग प्रतिबंधाचं पान उलटलं की कुणीतरी विचारतंच, "गेल्या वर्षी एवढे पैसे दिले होते, त्याचं काय झालं?" आरोग्य अधिकारी खरं बोलला तर बिचाऱ्याला एकच उत्तर देता येतं: काही झालं नाही. रस्त्याची निदान फीत कापता येते. न आलेल्या कॉलऱ्याचं उद्घाटन कुणाच्या हस्ते करणार?

नगरसेवकांना शिव्या घालायला मी बसलेलो नाही. पगार, पेन्शन, कर्जाचे हप्ते, वीजबिल हे आधीच बांधलेलं असतं. उरलेल्यात कात्री लावायची तर ती जिथे कुणी ओरडत नाही तिथेच लागते. खड्ड्याचा फोटो व्हॉट्सॲपवर फिरतो, पण आरोग्य सेविकेची जागा दोन वर्षं भरली नाही याचा फोटो कसा काढणार?

न्यूयॉर्कचं उदाहरण मला यासाठी फार महत्त्वाचं वाटतं. १९७५ च्या सुमारास ते शहर दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर होतं. क्षयरोगाचे रुग्ण तेव्हा कमी झालेले, म्हणून क्षयरोगाची क्लिनिकं आणि रुग्णांच्या मागे लागून त्यांना औषध संपवायला लावणारी माणसं, दोन्ही कमी केली. ताळेबंदात ते शहाणपणाचंच दिसत असणार. पण क्षयाचं औषध महिनोन्‌महिने घ्यावं लागतं आणि दोन महिन्यांत बरं वाटू लागलं की माणूस गोळ्या सोडतो. अर्धवट औषधातून जो जंतू उरतो तो औषधालाच दाद देत नाही. १९८८ मध्ये याच शहरातल्या हार्लेम भागातल्या एका रुग्णालयातून घरी गेलेल्या क्षयरुग्णांचा माग काढला, तर १० पैकी जवळजवळ ९ जणांनी उपचार पुरे केलेच नव्हते. त्यात एड्स आणि बेघरपणाची भर पडली. १९९२ साली त्या एका शहरात ३,८११ रुग्ण निघाले. मग उपाय काय केला? माणसं नेमली. रुग्णाच्या दारात जायचं, गोळ्या हातावर ठेवायच्या, पाणी द्यायचं, गिळेपर्यंत समोर थांबायचं. म्हणजे जी माणसं काढली होती तशीच पुन्हा आणली. मधल्या काळाचं बिल १ अब्ज डॉलरच्या वर गेलं, असा हिशोब नंतर मांडला गेला.

इंग्लंडमध्ये वेगळाच घोळ आहे. २०१३ मध्ये सार्वजनिक आरोग्याचं काम तिथल्या स्थानिक कौन्सिलांकडे आलं. सिगारेट सोडवणं, व्यसनमुक्ती, लैंगिक आरोग्य आणि पुढे तान्ह्या मुलांच्या घरभेटीसुद्धा. या कामासाठी स्वतंत्र अनुदान, दुसरीकडे वळवायचं नाही, असं ठरलं. छान. पण २०१५ मध्ये वर्ष चालू असतानाच त्यातले २० कोटी पौंड काढून घेतले आणि नंतरही महागाई धरली तर अनुदान आक्रसतच गेलं. कौन्सिलला रोजच्या खर्चासाठी कर्ज काढता येत नाही, वृद्धांची आणि मुलांची देखभाल कायद्याने टाळता येत नाही. मग दुसरीकडून भर घालणार कुठून? २०२३ मध्ये बर्मिंगहॅमसारख्या मोठ्या कौन्सिलने हात वर केले. त्यामागे इतर कारणंही होती, तो वेगळा विषय.

मला सतावते ती दुसरी गोष्ट. सार्वजनिक आरोग्यावरच्या खर्चाच्या अभ्यासांचा २०१७ मध्ये एक आढावा निघाला. त्यातला मध्यक परतावा (म्हणजे निम्म्या अभ्यासांत याहून जास्त, निम्म्यांत कमी) एकास चौदा होता. हा आकडा जरा भाबडा आहे असं मानून निम्मा केला तरी सावकाराला हेवा वाटावा. पण हा परतावा येतो कुठे? सिगारेट सोडवायची कौन्सिलने, आणि वीस वर्षांनी हृदयविकाराचा खर्च वाचायचा राष्ट्रीय आरोग्य सेवेचा. पेरणारा एक आणि मळणी दुसऱ्याच्या खळ्यावर. असं असताना खजिनदाराने 'दूरदृष्टी' दाखवावी म्हणून भाषणं देण्यात अर्थ नाही. ज्याचे पैसे वाचतात त्याने पेरणीत वाटा उचलावा, एवढंच माझं म्हणणं आहे.

(आरोग्य विभागाचे सगळेच खर्च पवित्र असतात असंही नाही. हात धुण्याच्या होर्डिंगवर हातापेक्षा नेत्याचा चेहरा मोठा असेल तर ते खुशाल कापा.)

बचतीचा सगळ्यात भयंकर नमुना अमेरिकेतल्या फ्लिंटचा. तिथे तर निवडून आलेल्या कौन्सिलच्या हातात कारभारच नव्हता. तोट्यातलं शहर म्हणून राज्य सरकारने प्रशासक बसवला होता. एप्रिल २०१४ मध्ये पैसे वाचवायला शहराने पाण्याचा स्रोत बदलून फ्लिंट नदीचं पाणी घेतलं. बटण दाबताना पदाधिकाऱ्यांनी त्या पाण्याचे पेले उंचावले, फोटो निघाले. नळ गंजू नयेत म्हणून पाण्यात जे रसायन मिसळायचं ते मात्र मिसळलं नाही. जुन्या नळांतलं शिसं पाण्यात उतरू लागलं. लोक सभांना तपकिरी पाण्याच्या बाटल्या घेऊन येत होते आणि पाणी सुरक्षित आहे हेच ऐकून परत जात होते.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तिथल्या जनरल मोटर्सच्या इंजिन कारखान्याने तक्रार केली, की या पाण्याने सुटे भाग गंजतात. त्यांना दुसरं पाणी मिळालं. माणसांचं पाणी बदलायला आणखी एक वर्ष गेलं.