रेसिडेंटच्या हातात केस कधी द्यायची?

सर्जरीच्या रेसिडेन्सीचा, म्हणजे हॉस्पिटलात काम करत सर्जन होण्याच्या प्रशिक्षणाचा, विषय निघाला की गाडी हमखास रेसिडेंटच्या, म्हणजे शिकाऊ डॉक्टरच्या, ड्यूटीच्या तासांवर येऊन अडते. एक बाजू म्हणते, दीड-दोन दिवस जागं ठेवून माणूस घडत नाही, पिळून निघतो. दुसरी बाजू म्हणते, आम्हीही केलं हे सगळं, काही मेलो नाही. मला पहिली बाजू पटते, हे आधीच सांगून टाकतो. दमलेल्या माणसाच्या हातात सुई देऊ नये, यावर खरं तर वादच व्हायला नको. पण या भांडणात मुख्य प्रश्न कायम मागे राहतो. ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये, रेसिडेंट नक्की काय करतो? कुणाच्या देखरेखीखाली करतो? आणि केस संपल्यावर त्याच्याशी त्याबद्दल कुणी बोलतं का?

सर्जनच्या प्रशिक्षणाची ही पद्धत बसवली अमेरिकन सर्जन विल्यम हॉलस्टेड यांनी. बाल्टिमोरचं जॉन्स हॉपकिन्स हॉस्पिटल १८८९ साली सुरू झालं आणि जर्मनीतल्या पद्धतीच्या धर्तीवर हॉलस्टेडनी तिथे हे प्रशिक्षण उभं केलं. रेसिडेंट हॉस्पिटलातच राहायचा. किती वर्षं, ते ठरलेलं नसायचं. सुरुवातीला घेतलेल्यांपैकी शिखरावर अगदी मोजके पोचायचे, बाकीचे वाटेत गळायचे. हेच हॉलस्टेड कोकेनने भूल देण्याचे प्रयोग स्वतःवर करता करता कोकेनच्या आहारी गेले होते आणि पुढे मॉर्फिनच्या. ‘आमच्या वेळी झोप नव्हती’ हे अभिमानाने सांगणाऱ्यांनी आपला मूळपुरुष एकदा आठवून बघावा. पण या माणसाला एक गोष्ट अचूक कळली होती, की जबाबदारी पायरीपायरीने वाढवायची. आपण त्यांच्याकडून जागरण तेवढं उचललं. पायऱ्या बांधायच्या राहूनच गेल्या.

तासांच्या मर्यादेची कहाणीही लोक अर्धीच सांगतात. १९८४ साली न्यूयॉर्कमध्ये लिबी झायन ही १८ वर्षांची मुलगी हॉस्पिटलात दाखल झाल्यावर काही तासांत गेली. तिला बघणारे दोघेही शिकाऊ डॉक्टर होते, वरिष्ठ फोनवर. त्या प्रकरणातून न्यूयॉर्क राज्यात १९८९ साली आठवड्याला ८० तासांचा नियम आला आणि २००३ पासून तो अख्ख्या अमेरिकेतल्या रेसिडेन्सीला लागू झाला. पण ज्या बेल समितीच्या शिफारशींवर हे उभं राहिलं, तिचा भर देखरेखीवरही तितकाच होता. तास मोजता येतात म्हणून ते सगळ्यांच्या लक्षात राहिले. देखरेख कागदावर मोजायला अवघड, म्हणून ती विसरली गेली.

पुढे २०१६ साली अमेरिकेतल्या ११७ जनरल सर्जरी प्रोग्रॅम्सचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. अर्ध्यांनी सलग ड्यूटीचे कडक नियम पाळले, अर्ध्यांना त्यात सवलत दिली. आठवड्याची ८० तासांची मर्यादा दोघांनाही होती. पेशंटचे मृत्यू आणि गंभीर गुंतागुंत दोन्हीकडे जवळपास सारखी निघाली. प्रशिक्षणाच्या दर्जाबद्दल रेसिडेंट्सचं मतही फारसं वेगळं नव्हतं. कडक नियमांच्या विरोधकांनी हा निकाल विजयासारखा मिरवला. मला त्यातून इतकंच दिसतं, की तेच ८० तास कसेही कापून जोडा, शिकवण्याची पद्धत बदलली नाही तर शिक्षण बदलत नाही. आणि सवलतवाल्या रेसिडेंट्सनी विश्रांती आणि घरच्यांसाठीचा वेळ कमी झाल्याचं सांगितलं होतं, ते मिरवणाऱ्यांनी गाळलं.

आता ओटीत या. दुर्बिणीतून पित्ताशय काढायची साधी केस घ्या, कारण जवळपास प्रत्येक जनरल सर्जन ती शिकतो आणि तिच्यातच पित्तनलिका कापली जाण्याची धास्ती असते. स्ट्रासबर्ग आणि सहकाऱ्यांनी १९९५ साली मांडलेला नियम आज सगळीकडे शिकवतात. कॅलॉट्सच्या त्रिकोणातली, म्हणजे पित्ताशयाची नळी, मुख्य पित्तनलिका आणि यकृत यांच्यामधल्या जागेतली, चरबी आणि तंतू साफ करायचे, पित्ताशयाचा खालचा तिसरा हिस्सा यकृतापासून सोडवायचा, आणि पित्ताशयात जाणाऱ्या दोनच गोष्टी दिसल्या पाहिजेत, एक नळी आणि एक धमनी. तिसरी कुठली दिसत असेल तर क्लिप लावायची नाही.

पाठ करून म्हणायला हे अर्ध्या मिनिटाचं काम. पण डाव्या हाताने पित्ताशयाची पिशवी कुठल्या दिशेला ओढली तर त्रिकोण उघडतो आणि कुठे ओढली तर मुख्य पित्तनलिकाच वर ताणून येऊन फसवते, हे हाताला कळायला वेळ लागतो. रेसिडेंट उजव्या हाताकडे बघत असतो, कारण तिकडे विजेवर चालणारा हुक आहे, धूर आहे, काहीतरी घडतंय. सगळी भानगड डाव्या हातात असते. चांगला शिकवणारा नेमकं इथे बोलतो. “डावा हात बाहेरच्या बाजूला घे. अजून. आता मागून उघड. काय दिसतंय ते मोठ्याने सांग.” वाईट शिकवणारा इथे गप्प असतो. दोन मिनिटं कसाबसा धीर धरतो, सुस्कारा टाकतो, भूलतज्ज्ञाकडे बघतो, घड्याळाकडे बघतो आणि म्हणतो, “दे इकडे.” इन्स्ट्रुमेंट हातातून गेलं. पुढची पंधरा मिनिटं रेसिडेंट कॅमेरा धरून उभा. केस उत्तम होते. लॉगबुकात, म्हणजे केलेल्या केसेसच्या नोंदवहीत, ती त्याच्या नावावर चढते. शिकला काय, तर आपल्याला जमत नाही एवढंच.

“दे इकडे” म्हणावंच लागतं, कधी कधी तातडीने म्हणावं लागतं. रक्त आलं, शरीररचना भलतीच निघाली, तर तिथे शिकवणीची हौस नको, टेबलावर माणूस आहे. माझी तक्रार आहे ती का घेतलं हे न सांगण्याबद्दल. “आत खूप चिकटलंय, एवढं मोकळं करून परत तुला देतो” हे एक वाक्य आहे. ते बोलायला केस थांबवावी लागत नाही.

शिकवण्याच्या पायऱ्यांची एक साधी पट्टी आहे, झ्विश नावाची. पहिल्या पायरीवर सिनिअर करून दाखवतो आणि का करतोय ते बोलत राहतो. दुसऱ्या पायरीवर रेसिडेंट करतो, पण पुढची हालचाल सिनिअर सुचवतो आणि नजरेसमोर योग्य जागा आणून देतो. तिसऱ्यावर रेसिडेंट स्वतःच केस पुढे नेतो, सिनिअर चांगल्या असिस्टंटसारखा मागे मागे येतो. चौथ्यावर सिनिअर फक्त हजर असतो, पेशंटच्या सुरक्षेपुरता. माझा अनुभव असा, की पहिली आणि चौथी पायरी सगळ्यांना जमते. एकतर स्वतः करायचं, नाहीतर “तू कर रे, काही लागलं तर बोलव” म्हणून चहाला जायचं. मधल्या दोन पायऱ्या खऱ्या शिकवण्याच्या, आणि त्या नेमक्या गायब. उत्तम ऑपरेशन करणाऱ्याला असिस्टंट होणं का जड जातं, हे समजू शकतो. आपल्याला पाच मिनिटांत जमणारी गोष्ट दुसऱ्याला वीस मिनिटं करताना बघणं म्हणजे स्वतंत्र कसब आहे. पण ते कसब आहे हेच कुणी मानत नाही. हात चांगला, म्हणून शिकवायला नेमलं. पोहायला येतं म्हणून कुणी पोहण्याचा मास्तर होत नाही, हे आपल्याला तलावावर कळतं, ओटीत कळत नाही.

मग केसेसच्या आकड्यांचं काय? अमेरिकेत पाच वर्षांत किमान ८५० मोठ्या केसेस, त्यातल्या २०० शेवटच्या वर्षात, अशी अट आहे. आकडा हवाच, नाहीतर काही ठिकाणी रेसिडेंटच्या वाट्याला फक्त ड्रेसिंग आणि डिस्चार्ज कार्डं येतील. पण त्याच आकड्याच्या आत कॅमेरा धरणंही लपतं. म्हणून २०२३ पासून तिथे आणखी एक पद्धत जोडली. हर्निया, अपेंडिक्स, पित्ताशय अशा ठरावीक कामांसाठी त्या त्या केसनंतर सिनिअरने नोंदवायचं, की या रेसिडेंटवर या कामात आज किती विसंबता येईल. नोंद मोबाइलवर, दोन-तीन मिनिटांची. ही दिशा मला बरोबर वाटते. फक्त आठवडाभराच्या नोंदी रविवारी बसून एकदम भरणारे सिनिअर निघणारच, आणि मग तीही एक हजेरीवही होईल.

सिम्युलेटरबद्दल थोडक्यात. २००२ साली अमेरिकेतल्या येल विद्यापीठात १६ रेसिडेंट्सवर झालेल्या प्रयोगात आभासी सरावाने तयार झालेल्यांनी पित्ताशय सोडवण्याचा भाग २९ टक्के कमी वेळात केला आणि चुका बऱ्याच कमी केल्या. गाठी मारणं, आतड्याची जोडणी, दुर्बिणीतून टाके घालणं, हे पेशंटच्या पोटात पहिल्यांदा करायला लावणं आता समर्थनीयच नाही. सराव खोली असते पण तिची किल्ली कुणाकडे असते ते माहीत नसतं, ही स्थिती बऱ्याच जणांना ओळखीची वाटेल.

हाताबद्दल इतकं बोललो, पण सर्जनची खरी परीक्षा पहाटे तीन वाजता वॉर्डात होते. पोट दुखतंय, रिपोर्ट धड इकडचा ना तिकडचा. उघडायचं की सकाळपर्यंत थांबायचं? इथे रेसिडेंट फोन करतो आणि सिनिअर म्हणतो, “सिटी स्कॅन करून घे आणि सांग.” शिकवायची संधी फुकट गेली. त्याऐवजी “तुला काय वाटतं? पोट स्वतः दाबून बघितलंस? दोन तासांपूर्वीपेक्षा कडक आहे का?” असं विचारलं, तर फोन मिनिटभर लांबतो आणि त्या मुलाला आयुष्यभर पुरेल असं काहीतरी मिळतं. ऑपरेशन न करण्याचा निर्णय लॉगबुकात चढत नाही. त्याला क्रेडिट नाही, पार्टी नाही. तरी मी रेसिडेंट पारखतो तो याच निर्णयावरून.

एम अँड एम (मॉर्बिडिटी अँड मॉर्टॅलिटी) मीटिंगचा मुद्दा मी थोडक्यात आटोपणार होतो, पण राहवत नाही. गुंतागुंत आणि मृत्यू यांची उघड चर्चा, यापेक्षा मोठी शाळा नाही. बॉस्टनचे सर्जन अर्नेस्ट कॉडमन विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आग्रह धरत होते, की प्रत्येक पेशंटचं शेवटी काय झालं ते शोधा, नोंदवा, जाहीर करा. सहकाऱ्यांना ते झेपलं नाही. आज मीटिंग होते, पण उभा कोण असतो? सेकंड इयरचा रेसिडेंट. टाके कुणी घातले, निर्णय कुणाचा, हे खोलीतल्या सगळ्यांना माहीत असतं, तरी चौकशी त्याचीच. यातून मुलं दोन गोष्टी शिकतात. स्लाइडवर कमी लिहायचं, आणि एक दिवस आपणही पहिल्या रांगेत बसून प्रश्न विचारायचे. प्रेझेंटेशन रेसिडेंटने करावं, पण पहिलं वाक्य त्या केसच्या कन्सल्टंटने, म्हणजे जबाबदार वरिष्ठ सर्जनने, बोलावं, इतका साधा नियम केला तरी खोलीतली हवा बदलेल.

“पण पेशंटने काय गुन्हा केलाय, त्याच्यावर कुणी का शिकावं?” हा प्रश्न घरचे, मित्र, सगळे विचारतात आणि तो रास्त आहे. पेशंटला सांगायला हवं की टीम ऑपरेशन करणार आहे, त्यात शिकणारे डॉक्टर असतील आणि जबाबदार सर्जन टेबलाशी हजर असेल. आणि ते वाक्य खरं असायला हवं. तसंही सिनिअर म्हणजे सुरक्षित असं सरसकट गृहीत धरू नका. मिशिगनमध्ये लठ्ठपणाची ऑपरेशन्स करणाऱ्या २० सर्जन्सनी आपापला व्हिडिओ दिला, इतर सर्जन्सनी नाव न कळता गुण दिले. २०१३ साली निकाल छापून आला. सर्वांत कमी गुणांच्या गटात गुंतागुंत १४.५ टक्के, सर्वांत वरच्या गटात ५.२. हे सगळे प्रशिक्षण संपवून प्रॅक्टिस करणारे सर्जन होते. रेसिडेन्सी संपल्यावर आपल्या हाताकडे पुन्हा कुणी बघितलंच नाही, तर असंच होणार.

रेसिडेंट मंडळींना एक सुचवतो. केसच्या आदल्या दिवशी सरांना किंवा मॅडमना नेमकं विचारा. “उद्या मला करू द्या” असं मोघम नको. “सर, उद्या पोर्ट (दुर्बीण आणि हत्यारं आत जायच्या नळ्या) मी घालतो, आणि त्रिकोण साफ करायचा भाग मला द्याल का? नळीवर क्लिप लावायच्या आधी थांबून तुम्हाला दाखवतो.” असं विचारणाऱ्याला नाही म्हणणं अवघड असतं, कारण तो तयारी करून आलाय हे वाक्यातच दिसतं. नाही म्हणालेच, तर कारण विचारा, आणि पुढच्या केसला पुन्हा विचारा.