राउटर आहे म्हणून विंडोजची फायरवॉल बंद करायची?

लातूरच्या आडत व्यापाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आठवडाभर एक मेसेज फिरतोय: "राउटरमध्ये फायरवॉल असतेच. विंडोजची बंद करा, टॅली पळायला लागेल. आपल्यासारख्या छोट्या दुकानाला कोण हॅक करणार?" मार्केट यार्डातली मशीनं जोडण्यातच माझी बारा वर्षं गेली. म्हणून न राहवून लिहितोय.

फायरवॉल म्हणजे नको ती कनेक्शनं अडवणारा पहारेकरी. राउटरमध्ये ती असते, हे खरं. पण ती बसते उंबऱ्यावर. दुकानातल्या एका कॉम्प्युटरवरून दुसऱ्यावर जे जातं ते स्विचमधून परस्पर जातं, तिला दिसतसुद्धा नाही. मागच्या सोयाबीनच्या हंगामात एका डाळमिलीत वजनकाट्याच्या मशीनला कुणीतरी बाहेरचा पेन ड्राइव्ह लावला. तासाभरात ऑफिसातली तिन्ही मशीनं गेली. पावत्या, टॅलीचा डेटा, सगळ्या फायलींची नावं बदललेली, एकही उघडेना. मुनीमजी नुसते स्क्रीनकडे बघत बसलेले. राउटरचे हिरवे दिवे मात्र नेहमीसारखे लुकलुकत होते. तिन्ही मशीनांची फायरवॉल बंद होती आणि टॅलीचा फोल्डर 'एव्हरीवन'ला पूर्ण मुभा देऊन शेअर केलेला. काट्याच्या मशीनला त्या फोल्डरची गरज काय होती?

मे २०१७ मधला वॉनाक्राय आठवा, फायली कुलूपबंद करून पैसे मागणारा व्हायरस. कुणी काहीही क्लिक न करता तो ४४५ पोर्टवरून (विंडोजच्या फाइल शेअरिंगचं दार) एका मशीनवरून दुसऱ्यावर जात होता. मायक्रोसॉफ्टनं त्यावरची दुरुस्ती मार्चमध्येच दिली होती. ज्यांनी ती टाकली नाही, ते अडकले.

छोट्या दुकानाला कोण हॅक करणार? अहो, तुमच्या दुकानाचं नाव वाचून कुणी येत नाही. प्रोग्राम दिवसरात्र इंटरनेटवरचे पत्ते चाचपत फिरतात. शेठना घरून टॅली बघता यावी म्हणून राउटरवर ३३८९ पोर्ट (दुरून कॉम्प्युटर चालवायचं, रिमोट डेस्कटॉपचं दार) उघडून ठेवलेलं मी कितीदा पाहिलंय. ज्या राउटरच्या भरवशावर विंडोजची बंद केली, त्यालाच आपण भोक पाडलेलं असतं.

आता टॅली पळण्याचं. फायरवॉल बंद केली की अडलेलं कनेक्शन जुळतं, म्हणून लोकांचा विश्वास बसतो. पण तेवढ्यासाठी सगळीच कशाला उघडायची? विंडोज फायरवॉलच्या इनबाउंड रूलमध्ये (आत येणाऱ्या कनेक्शनचे नियम) टॅलीचं पोर्ट (बहुतेक ठिकाणी ९०००) आणि फाइल शेअरिंग उघडा, तेही 'स्कोप'मध्ये ज्या दोन मशीनांना लागतं त्यांचेच आयपी पत्ते लिहून. मुनीमजींना ॲडमिन नसलेलं खातं द्या. शेतकऱ्यांच्या, हमालांच्या मोबाइलला गेस्ट वायफाय. शटर लावलं म्हणून तिजोरीचं कुलूप कुणी काढून ठेवत नाही.

बंद केली असेल तर आज दुकान वाढवायच्या आधी चालू करा. नंतर टॅली जोडेना, तर परत बंद करू नका. कुठल्या मशीनवरून अडतंय ते ग्रुपवर लिहा, मी सांगतो.