नव्याच्या भावात जुनी एसयूव्ही: त्या मेसेजचा हिशेब

एसयूव्हीचं वेटिंग लांबलं की एक मेसेज हमखास फिरायला लागतो. २०२१-२२ मध्ये चिपची टंचाई होती तेव्हा तो आमच्या घरच्या ग्रुपवर चार वेळा आला. एप्रिल २०२५ मध्ये चीनने दुर्मीळ खनिजांपासून बनणाऱ्या, गाड्यांना लागणाऱ्या चुंबकांच्या निर्यातीवर परवान्याची अट घातली, तेव्हा तोच पुन्हा आला. मजकूर साधारण असा: नव्या गाडीसाठी वर्षभर ताटकळू नका. एक वर्ष जुनी, कमी चाललेली एसयूव्ही नव्याच्या भावात मिळाली तरी घ्या. गाडी आज दारात येते, रोड टॅक्स वाचतो, घसारा, म्हणजे जुनी होताना उतरणारी किंमत, पहिल्या मालकानं सोसलेला असतो, वॉरंटी शिल्लक असते. थांबलात तर भाव वाढेल, आणि उद्या विकायला काढलीत तर पैसे तेवढेच परत मिळतील.

माझ्या धाकट्या दिरांनी मे २०२२ मध्ये हाच सल्ला मानून गाडी घेतली. त्या वेळी मीही शेजारी बसून मान डोलावली होती. पुढे जे झालं त्यामुळे या मेसेजमधला एकेक मुद्दा मी कागद-पेन घेऊन तपासला.

सुरुवात घसाऱ्यापासून करते, कारण खरी मेख तिथे आहे. पहिल्या मालकानं घसारा सोसला असं कधी म्हणता येईल? त्यानं एकोणीस लाखांना घेतलेली गाडी तुम्हाला साडेचौदा लाखांना दिली तर. टंचाईत तो ती अठरा लाखांना विकतो. म्हणजे घसारा त्याचा वाचला आणि तो जसाच्या तसा तुमच्या अंगावर आला. टंचाईमुळे वाढतो तो फक्त विकणाऱ्यानं सांगितलेला भाव. बँक, विमा कंपनी आणि वॉरंटीचं कॅलेंडर त्या गाडीला जुनीच गाडी समजतात आणि जुन्याच मापानं मोजतात. हा मधला फरक कुणीतरी भरावाच लागतो, आणि तो घेणारा भरतो.

विम्याचं बघा. गाडीची आयडीव्ही, म्हणजे चोरी झाली किंवा गाडी पूर्ण निकामी झाली तर मिळणारी रक्कम, कंपनीच्या चालू एक्स-शोरूम (रोड टॅक्स आणि विमा धरायच्या आधीच्या) किमतीवरून ठरते आणि त्यातून वयानुसार घसारा वजा होतो: सहा महिने ते एक वर्षाला १५ टक्के, एक ते दोन वर्षांना २० टक्के, दोन ते तीन वर्षांना ३० टक्के. रोड टॅक्स त्यात धरत नाहीत. थोडंफार वर-खाली करता येतं, पण बाजारात त्या गाडीला काय भाव चाललाय याच्याशी त्या तक्त्याला देणंघेणं नाही.

भाऊजींची गाडी चौदा महिने जुनी डिझेल होती. तिची एक्स-शोरूम किंमत १६ लाख, नवी ऑन-रोड, म्हणजे कर-विमा धरून, घेतली असती तर १९ लाखांच्या आसपास. त्यांनी १८ लाख दिले. बँकेच्या व्हॅल्युअरनं तिची किंमत १५ लाख धरली आणि त्याच्या ८० टक्के, म्हणजे १२ लाख कर्ज मंजूर झालं. उरलेल्या सहा लाखांत चार लाख साठवलेले आणि दोन लाख जाऊबाईंच्या दागिन्यांवर काढलेले. आयडीव्ही आली १२ लाख ८० हजार. पॉलिसीवरचा तो आकडा आम्ही सगळ्यांनी पाहिला होता, पण तो काय सांगतोय हे कुणाच्या लक्षात आलं नाही.

जानेवारी २०२३ मध्ये खंबाटकी घाटात मागून ट्रक आदळला. माणसं वाचली, भाऊजींचा खांदा निखळण्यावर निभावलं. गाडी मात्र टोटल लॉस, म्हणजे पूर्ण निकामी, ठरली. विमा कंपनीनं नियमाप्रमाणे आयडीव्हीएवढे पैसे दिले, त्यात तिची काही चूक नव्हती. त्यातून बँकेचं उरलेलं कर्ज फिटलं आणि हातात जेमतेम दोन लाख आले. घातले होते सहा. दागिने सोडवायला पुढे दीड वर्ष लागलं.

नव्या गाडीवर 'रिटर्न टू इनव्हॉइस' नावाचं जादा कवच घेता येतं आणि अशा वेळी पहिल्या बिलाएवढी रक्कम मिळू शकते. पण ते कवच पहिल्या बिलावर उभं असतं, आणि दुसऱ्या मालकाच्या नावावर ते बिलच नसतं. पहिल्या मालकानं मिळवलेला नो क्लेम बोनसही (दावा न केल्याबद्दल विम्याच्या हप्त्यात मिळणारी सूट) त्याच्याबरोबर जातो, गाडीबरोबर येत नाही.

कर्जाचा भाग राहिला. जुन्या गाडीच्या कर्जाचा दर नव्यापेक्षा चढा असतो. १२ लाख पाच वर्षांसाठी ९ टक्क्यांनी घेतले तर हप्ता साधारण २४,९०० रुपये बसतो, साडेबारा टक्क्यांनी तोच २७,००० होतो. पाच वर्षांत सव्वा लाखाचा फरक. मेसेजमध्ये हा मुद्दा येतच नाही.

"रोड टॅक्स वाचतो." महाराष्ट्रात १० ते २० लाखांच्या पेट्रोल गाडीवर १२ टक्के आणि डिझेलवर १४ टक्के एकरकमी कर आहे. १६ लाखांच्या डिझेलला तो २ लाख २४ हजार होतो. पण विकणारा भाव सांगतो तो ऑन-रोड किमतीवरून, म्हणजे त्यानं भरलेला कर तुमच्याकडून वसूल करूनच. कर वाचला असं म्हणायचं तर गाडी एक्स-शोरूमपेक्षा बरीच खाली मिळायला हवी. परराज्यातल्या गाडीचं आणखी वेगळं. दिल्ली परिसरात डिझेल गाड्यांना दहा वर्षांची मर्यादा आल्यापासून तिकडच्या बऱ्याच डिझेल एसयूव्ही आपल्याकडच्या यार्डात येतात आणि स्वस्त दिसतात. अशा गाडीला तिथल्या आरटीओची एनओसी लागते, इथे नव्यानं नोंदणी करावी लागते आणि महाराष्ट्राचा कर वयानुसार पुन्हा भरावा लागतो. एजंट "ते होऊन जाईल" म्हणतो, तेव्हा ते किती रुपयांत आणि कुणाच्या खर्चानं, हे कागदावर घ्या.

"थांबलात तर भाव वाढेल." यात तथ्य आहे, ते मान्य करते. बुकिंगच्या दिवशीची किंमत बहुधा बांधलेली नसते, डिलिव्हरीच्या दिवशीची लागते. ७ ऑक्टोबर २०२१ ला महिंद्राच्या एक्सयूव्ही ७०० चं बुकिंग उघडलं आणि ५७ मिनिटांत २५ हजार गाड्या नोंदल्या गेल्या. सुरुवातीची किंमत त्या पहिल्या २५ हजारांनाच होती. ३० जुलै २०२२ ला स्कॉर्पिओ-एनच्या एक लाख गाड्या अर्ध्या तासात बुक झाल्या, तिथेही तोच नियम. पण वाढीचा आकडा मांडून तर बघा. १६ लाखांची गाडी वर्षात तीनदा दोन-दोन टक्क्यांनी वाढली तरी वाढ होते ९८ हजार, कर धरून एक लाख दहा-बारा हजार. भाऊजींनी थांबावं लागू नये म्हणून जे जास्तीचे मोजले ते, नेहमीच्या काळातला साडेचौदा लाखांचा भाव धरला तर, साडेतीन लाख होते.

शिवाय भाव एकाच दिशेनं जातात असं नाही. जुलै २०२४ मध्ये एक्सयूव्ही ७०० च्या एएक्स७ या वरच्या श्रेणीतल्या काही व्हेरियंटच्या किमती दोन लाखांहून अधिक उतरल्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या एसयूव्हींवरचा जीएसटी आणि सेस मिळून पन्नास टक्क्यांपर्यंत जाणारा कर ४० टक्क्यांवर आला, तर चार मीटरच्या आतल्या, छोट्या इंजिनाच्या गाड्यांवर १८ टक्के झाला. नव्या गाडीची किंमत अशी उतरली की जुनीची त्याच आठवड्यात उतरते, आणि तुमचा हप्ता आहे तिथेच राहतो.

म्हणून "विकताना तेवढेच पैसे येतील" हे सगळ्यात धोक्याचं वाक्य आहे. त्यात टंचाई कायम राहील असं गृहीत धरलंय. २०२१ ची टंचाई कशानं झाली होती? फेब्रुवारीत टेक्सासमधल्या हिमवादळानं चिपचे कारखाने बंद पडले, मार्चमध्ये जपानमध्ये नाका इथे चिप बनवणाऱ्या रेनेसासच्या कारखान्याला आग लागली, त्यात मलेशियातली टाळेबंदी आली. त्या सप्टेंबरमध्ये आपलं उत्पादन नेहमीच्या ४० टक्क्यांवर येईल असं मारुतीनं आधीच जाहीर केलं होतं. ही सगळी कारणं निवळणारी होती आणि ती निवळली. अमेरिकेत जानेवारी २०२२ मध्ये जुन्या गाड्यांचे भाव आधीच्या वर्षापेक्षा ४० टक्क्यांनी चढले होते; त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये ते वर्षभरापूर्वीपेक्षा जवळजवळ ९ टक्क्यांनी खाली होते. तिथला बाजार वेगळा असला तरी उतरण्याची रीत तीच.

वॉरंटीबद्दल फार लिहायला नको. ती पहिल्या डिलिव्हरीच्या तारखेपासून मोजतात. तीन वर्षांतली सव्वा गेली तर पावणेदोनच उरली, आणि तीसुद्धा सर्व्हिस वेळेवर अधिकृत वर्कशॉपमध्ये झाली असेल आणि वायरिंग कापून बाहेरचे दिवे-हॉर्न बसवलेले नसतील तरच बिनतक्रार मिळते.

"कमी चाललेली, नव्यासारखी." वर्षभरातच गाडी का विकली जातेय, हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका. बदली, परदेशी जाणं, हप्ते न झेपणं ही खरी कारणं असतात. मिळालेली डिलिव्हरी चढ्या भावात विकून मोकळं होणारेही त्या काळात होते, आणि त्यात गाडीचा दोष काही नाही. मला भीती वाटते ती पाण्यात गेलेल्या गाड्यांची. जुलै २०२१ मध्ये चिपळूण, महाड बुडालं, कोल्हापूर-सांगलीत पाणी शिरलं, आणि त्याच वर्षी जुन्या गाड्यांना सोन्याचा भाव आला होता. बुडालेली गाडी धुऊन-पुसून चकाचक करता येते आणि मीटरवर किलोमीटर कमीच दिसतात. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा, आतल्या पट्ट्यावर चिखलाची रेघ राहते. स्टेपनीखालचा खड्डा, सीटखालचे रूळ, फ्यूजबॉक्समधला गंज बघा. काचा बंद करून दहा मिनिटं आत बसा, कुबट वास लपत नाही. नंबरवरून अधिकृत वर्कशॉपमधली सर्व्हिसची नोंद आणि विम्याचे जुने क्लेम मागा. दाखवायला जो टाळाटाळ करतो त्याच्याकडून घेऊ नका, वेटिंग कितीही असो.

"गाडी आज दारात." दारात येते, नावावर येत नाही. वर्षभर जुन्या गाडीवर बहुतेकदा बँकेचा बोजा असतो. आधी ते कर्ज फिटायचं, बँकेची एनओसी आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५ मिळायचा, मग मालकी बदलायचे फॉर्म २९ आणि ३०, मग आपल्या नावाची आरसी. हस्तांतर झाल्यापासून १४ दिवसांत विमा आपल्या नावावर करून घ्यावा लागतो. तो राहिला तर समोरच्याच्या नुकसानीपुरती पॉलिसी चालते, पण आपल्या गाडीच्या दुरुस्तीचा दावा अडकतो. दंडाची चलनं थकलेली असतील तर तीही आधी निकाली काढायची. भाऊजींची आरसी यायला अडीच महिने लागले होते.

मग जुनी गाडी घेऊच नये का? घ्यावी, वाजवी भावात. तीन-चार वर्षं जुनी, वेटिंग नसलेल्या मॉडेलची, एकाच मालकाची गाडी टंचाईतही बऱ्यापैकी भावात मिळते, कारण सगळ्यांची झुंबड त्या एक-दोन गाजलेल्या मॉडेलांच्या कोऱ्या दिसणाऱ्या गाड्यांवर असते. घरात आठवड्यातून दोनदा डायलिसिसला न्यावं लागणारं माणूस असेल आणि दारातली गाडी बंद पडली असेल, तर मी कुणालाही थांब म्हणणार नाही. पण त्या घाईची किंमत किती हे आधी काढावं. टोकन देण्यापूर्वी त्याच नंबरावर विम्याचं कोटेशन मागवा, आयडीव्ही फुकट कळते. मागितलेला भाव त्यापेक्षा किती वर आहे ते बघा. एरवीच्या भावापेक्षा जे जास्तीचे मागतायत त्यांना वेटिंगच्या महिन्यांनी भागा. भाऊजींच्या साडेतीन लाखांना दहा महिन्यांनी भागलं तर महिन्याला ३५ हजार येतात. महिन्यातून चार-पाच लांबच्या फेऱ्यांना भाड्याची गाडी केली असती तरी त्यात भागलं असतं, बाकी रोजच्याला त्यांची जुनी हॅचबॅक होतीच.

नवीसाठी थांबायचं ठरलं तरी हातावर हात ठेवून बसायचं कारण नाही. एक्सयूव्ही ७०० च्या वेळी वरच्या व्हेरियंटना वर्षाहून जास्त वेटिंग होतं, खालच्यांना बरंच कमी, कारण वरच्यांत इलेक्ट्रॉनिक्स जास्त आणि म्हणून चिपही जास्त. व्हेरियंट, इंजिन किंवा रंग बदलायची तयारी असेल तर शोरूममध्ये तसं स्पष्ट सांगून ठेवा. बुकिंगची रक्कम परत मिळेल हे लेखी घ्या. विमा शोरूमचाच घ्यायची सक्ती करता येत नाही, हे माहीत असू द्या.

गेल्या महिन्यात भाऊजींनी पुन्हा एका यार्डातल्या गाडीचा फोटो पाठवला. अकरा महिने जुनी, मागणी साडेसतरा लाख. मी नंबर मागितला आणि आयडीव्ही काढून पाठवली: १३ लाख २० हजार. दहा मिनिटांनी जाऊबाईंचा फोन आला, "वहिनी, शोरूमला जायचंय, शनिवारी येताय ना बरोबर?"