मुख्य प्रवाहाच्या नावानं चांगभलं

अमेरिका, कॅनडा, न्यूझीलंड इथल्या आदिवासींनी स्वतः चालवलेल्या कॉलेजांवर एक मजकूर सध्या बराच फिरतोय. त्याचं सार असं: ही कॉलेजं मुलांना मुख्य प्रवाहापासून तोडतात, गाणी-गोष्टी आणि विणकाम शिकवणारी नुसती संग्रहालयं आहेत, त्यांच्या पदवीला बाजारात किंमत नाही, आणि हे सगळं करदात्यांच्या जिवावर. शेवटी गोंड-कोरकूंनी असल्या नादी लागू नये, असा फुकटचा सल्लाही आहे. अमेरिकेतल्या नवाहो लोकांचं उदाहरण घेऊन हे मुद्दे तपासून पाहू.

पहिला, तोडण्याचा. मुख्य प्रवाहात ओढून आणण्याचा प्रयोग तिथं होऊन गेलाय, आणि तो काही दोन-चार वर्षांचा नव्हता. १८७९ साली पेन्सिल्वेनियात कार्लाइल इथं सरकारी निवासी शाळा निघाली. ती काढणारा रिचर्ड प्रॅट हा लष्करातला अधिकारी. ‘त्याच्यातल्या इंडियनला (म्हणजे तिथल्या आदिवासीला) मारा आणि माणसाला वाचवा’ हे आपलं धोरण त्यानं १८९२ च्या भाषणात उघड सांगितलं. मुलं आल्या आल्या त्यांचे केस कापायचे, नावं बदलायची, घरची भाषा तोंडून निघाली की शिक्षा करायची. पुढं या धर्तीच्या शाळा देशभर निघाल्या. अशा शाळांतून तयार झालेला मुलगा गोऱ्यांच्या गावात परका आणि घरी आजीशी बोलायला मुका. याला जोडणं म्हणायचं असेल तर तोडणं कशाला म्हणणार?

बरं, नवाहोंना शाळाच नको होती असंही नाही. १८६८ च्या तहात अमेरिकी सरकारनं त्यांना लिहून दिलं होतं, दर तीस मुलांमागे एक शाळाघर आणि एक शिक्षक देऊ. बरोबर शंभर वर्षांनी, १९६८ मध्ये, त्यांनी स्वतःचं कॉलेज स्थापन केलं. आदिवासी राष्ट्राच्या ताब्यातलं अमेरिकेतलं ते पहिलं कॉलेज. १९६९ च्या जानेवारीत ॲरिझोनातल्या मेनी फार्म्स इथं दुसऱ्या शाळेच्या इमारतीत ते सुरू झालं. आज ते दिने कॉलेज म्हणून ओळखलं जातं. नवाहो स्वतःला दिने म्हणतात.

त्याची गरज का पडली, हे त्या मजकुरात कुठंच नाही. नवाहो राष्ट्र म्हणजे तीन राज्यांत पसरलेला सुमारे ७० हजार चौरस किलोमीटरचा मुलूख, मराठवाड्याहून मोठा. त्याला स्वतःचा अध्यक्ष आहे, कायदेमंडळ आहे, न्यायालयं आहेत. तिथं पाणी कुठून आणायचं, खाणीला परवानगी द्यायची की नाही, दवाखाना कसा चालवायचा हे ठरवायला शिकलेली माणसं लागतात, आणि ती तिथंच राहणारी लागतात. हुशार पोराला उचलून फिनिक्ससारख्या शहरात नोकरीत बसवणं एवढाच हेतू असता तर बाहेरची विद्यापीठं पुरेशी होती. स्वतःचा कारभार स्वतः हाकता यावा, म्हणून ही कॉलेजं.

आपल्याकडे रिद्धपूरला मराठी भाषेचं विद्यापीठ झालं तेव्हा मराठी माणूस मुख्य प्रवाहातून तुटला, असं कुणी ओरडलं नाही. पण गडचिरोलीत धानोरा तालुक्यातल्या मोहगावात ग्रामसभांनी गोंडी माध्यमाची शाळा काढली, तर ती बेकायदा म्हणून शिक्षण खात्यानं नोटीस धाडली.

दुसरा मुद्दा गाणी-गोष्टींचा. दिने कॉलेजात विणकाम शिकवतात, हे खरंय. तिथल्या अभ्यासाची बैठकही नवाहो विचारावर बेतलेली आहे: आधी विचार, मग आखणी, मग ते जगणं आणि त्यातून येणारा भरवसा. पण तेवढ्यावर थांबणं म्हणजे अर्धंच पाहणं. १९४४ ते १९८६ या काळात नवाहो भूमीतून सुमारे तीन कोटी टन युरेनियम खनिज उपसलं गेलं. कंपन्या निघून गेल्या. पाचशेहून जास्त खाणी तशाच पडून राहिल्या. खाणीतला दगड घरांच्या भिंतींत गेला, मेंढ्या दूषित पाण्यावर वाढल्या. १९७९ मध्ये चर्च रॉक इथं युरेनियम गिरणीचा बंधारा फुटून किरणोत्सारी पाणी पुएर्को नदीत गेलं. हा गोंधळ निस्तरायचा तर मेंढपाळ म्हाताऱ्याच्या दारात बसून, ही विहीर का वापरायची नाही, हे त्याच्या भाषेत सांगावं लागतं. सांगणाऱ्याला किरणोत्सर्गही कळायला हवा आणि नवाहो भाषाही यायला हवी. दिने कॉलेजानं शिपरॉकच्या केंद्रात युरेनियमवर शिक्षणाचा कार्यक्रमच चालवला. याला संग्रहालय म्हणणाऱ्यानं एकदा त्या विहिरीचं पाणी पिऊन दाखवावं.

पदवीच्या किमतीचं थोडक्यात उरकतो. शिकागो विद्यापीठाला मान्यता देणारी हायर लर्निंग कमिशन हीच संस्था दिने कॉलेजलाही मान्यता देते. क्राउनपॉइंटच्या नवाहो टेक्निकल युनिव्हर्सिटीतल्या अभियांत्रिकी शाखांना ॲबेटचं, म्हणजे अभियांत्रिकीचे अभ्यासक्रम तपासणाऱ्या संस्थेचं, मानांकन आहे. पदवी पुरी न करणारे बरेच असतात, हे नाकारायचं कारण नाही. पण सरकारी टक्केवारीत फक्त पहिल्यांदाच आणि पूर्णवेळ प्रवेश घेतलेले मोजतात. दोन वर्षं शिकून मोठ्या विद्यापीठात गेलेला मुलगा या कॉलेजाच्या यशात धरलाच जात नाही. लेकरं सांभाळून, नोकरी करून, मैलोन्‌मैल गाडी हाकत येणारी बाई पूर्णवेळ कुठून असणार?

राहिला करदात्यांचा पैसा. १९७८ च्या कायद्यानं केंद्राकडून विद्यार्थ्यामागे अनुदान ठरलं, पण कायद्यात मंजूर असलेली पूर्ण रक्कम हाती पडत नाही, ही या कॉलेजांची जुनीच तक्रार. शिवाय हे अनुदान फक्त आदिवासी विद्यार्थ्यांमागे मिळतं. बिगर-आदिवासींना दारं उघडी आहेत, पण त्यांच्यासाठी या कायद्यातून पैसा येत नाही. तो खर्च कॉलेजच सोसतं. म्हणजे कोण कुणाच्या जिवावर?

आणि मूळ हिशोब त्याहून जुना आहे. १८६२ च्या मॉरिल कायद्यानं राज्यांना कॉलेजं काढायला जमिनी वाटल्या. त्यातली सुमारे एक कोटी एकर जमीन आदिवासींकडून घेतलेली होती. ती विकून आलेल्या पैशावर आजची नामांकित सरकारी विद्यापीठं उभी राहिली. आदिवासी कॉलेजांना त्याच योजनेत १९९४ साली घेतलं, तेव्हा दर्जा दिला आणि निधीची थोडी तरतूद केली. जमीन मात्र एक एकरही दिली नाही.